पीडीएफमध्ये कोरं पान टाकायचंय: मॅक, वेबसाइट, पीडीएफसॅम की पैसे भरून अ‍ॅक्रोबॅट?

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणपतीची आरत्यांची पुस्तिका दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते, का तर "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना". यंदा डीटीपीवाल्याकडनं पीडीएफ आली ती २२ पानांची. ए४ कागद मधोमध दुमडला की एका कागदावर चार पानं बसतात, म्हणजे पुस्तिका ४ च्या पटीतच लागते, म्हणजे २२ ची २४ करायची, फक्त दोन कोरी पानं. एवढ्याशा कामात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. जे जे वापरून बघितलं ते सांगते, बघा तुम्हाला काय जमतंय.

टूल कुठलंही घ्या, पण आधी कोरं पान नक्की कुठे हवंय ते ठरवा. मी पहिल्या दिवशी दोन्ही पानं सरळ शेवटी चिकटवली आणि मोकळी झाले. ठाकूरद्वारच्या झेरॉक्सवाल्याने एक कॉपी काढली, दुमडली, हातात दिली, तर मागचं कव्हर कोरं करकरीत आणि सोनारकाकांची फुल पेज जाहिरात, जिचे पैसे मंडळाने कधीच घेऊन खर्चसुद्धा केलेत, ती आत ढकललेली. मग लक्षात आलं की एक पान पुढच्या कव्हरनंतर हवं आणि दुसरं जाहिरातीच्या आधी, म्हणजे दोन्ही कव्हरांची आतली बाजू कोरी राहते आणि जाहिरात जिथल्या तिथे. प्रिंट करताना बुकलेट ऑप्शन निवडला तर तो पानं स्वतःच भरतो म्हणतात, भरतो खरा, पण तोही शेवटीच.

आता टूल. घरात मॅक असेल तर बाकी काही बघूच नका. मॅकमध्येच असलेल्या प्रिव्ह्यू अ‍ॅपमध्ये फाइल उघडायची, बाजूला थंबनेल्स, म्हणजे पानांची छोटी चित्रं लावायची, ज्या पानानंतर हवंय त्यावर क्लिक करायचं, मग एडिट, इन्सर्ट, ब्लँक पेज, झालं. फुकट, नेट नको, अर्धं मिनिट. फक्त एक खोड आहे, प्रिव्ह्यू तुम्हाला न विचारता मूळ फाइलवरच सेव्ह करत राहतो, म्हणून आधी डुप्लिकेट काढा, नाहीतर डीटीपीवाल्याकडे परत फाइल मागायला जा. आयफोनवर पण फाइल्स अ‍ॅपमध्ये पीडीएफ उघडून थंबनेल दाबून धरलं की कोरं पान घालता येतं, हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं.

विंडोजवाल्यांची पंचाईत होते. अ‍ॅक्रोबॅट रीडर सगळ्यांकडे असतो पण फुकटवाला रीडर पानं घालू देत नाही, त्याला पैसे भरून घेतलेलं अ‍ॅक्रोबॅट लागतं आणि ते पैसे दर महिन्याला. ऑफिसने दिलेलं असेल तर ऑर्गनाइज पेजेसमध्ये जाऊन मजेत करा, त्याच्याइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही, पण वर्षातून एकदा आरत्यांच्या पुस्तिकेसाठी कोण वर्गणी भरणार.

मग उरतात वेबसाइटी आणि पीडीएफसॅम. खरी निवड इथेच आहे.

सेज्दा, आयलव्हपीडीएफ असल्या साइटवर फाइल चढवायची, हवं तिथे कोरं पान घुसवायचं, डाउनलोड करायची. अँड्रॉइडवाल्यांनाही हाच रस्ता सोपा, फोनच्या ब्राउजरमध्येही चालतं. सेज्दा फुकटात २०० पानं किंवा ५० एमबीपर्यंत आणि तासाला तीन कामं करू देतं, आरत्यांना भरपूर झालं. पण फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते, नंतर डिलीट करतो असं ते सांगतात ते सोडा, सुखकर्ता दुःखहर्ता गेलं तर गेलं, पण सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पॅन, पगाराची स्लिप असलं काही मी तरी चढवत नाही.

पीडीएफसॅम बेसिक हे सॉफ्टवेअर फुकट, ओपन सोर्स, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालणारं, आणि सगळं तुमच्याच मशीनवर. दिसायला जरा सरकारी ऑफिससारखं आहे, आणि त्यात पानावर क्लिक करून कोरं पान घुसवायची गंमत नाही, कोऱ्या पानाची वेगळी पीडीएफ बनवून ती मर्ज करताना मध्ये द्यावी लागते. एक दोन पानांसाठी वैताग आहे, मान्य. पण दोन ठिकाणी ते असं कामाला येतं की विचारू नका. एक, बऱ्याच फाइली जोडताना त्यात एक टिक आहे, फाइलची पानं विषम असतील तर मागे कोरं पान टाक. पाठपोट प्रिंट काढताना पहिला चॅप्टर ७ पानांवर संपला की दुसरा त्याच्याच पाठीवर सुरू होतो ना, ते या एका टिकने बंद होतं. दुसरं, माझी भाची लॉ करतेय, तिला १८० पानांच्या नोट्समध्ये प्रत्येक पानासमोर कोरं पान हवं होतं, हाताने लिहायला. वेबसाइटवर १८० वेळा क्लिक करत कोण बसणार? १८० कोऱ्या पानांची एक पीडीएफ केली आणि पीडीएफसॅममधल्या अल्टरनेट मिक्सला दोन्ही फाइली दिल्या, एक पान हिचं एक पान तिचं. भाची टॅबवर पेन्सिलने लिहिणारी असती तर एवढंही करावं लागलं नसतं, गुडनोट्ससारख्या अ‍ॅपमध्ये पीडीएफ टाकून मधे पान वाढवता येतं.

कमांड टाइप करायची भीती नसेल तर क्यूपीडीएफ, फुकट आहे, त्याला सांगायचं की या फाइलची १ ते ३, मग कोरी फाइल, मग परत पहिलीची ४ पासून शेवटपर्यंत. एका ओळीत काम. मंडळातल्या कुणाला शिकवायला मात्र जाऊ नका.

आणि वर्डमध्ये पीडीएफ उघडून मधे एंटर मारत बसायचा मोह होतो, तो मराठी फाइलला तरी नको. वर्ड आधी पीडीएफ फोडून स्वतःच्या पद्धतीने परत मांडतो, त्यात वेलांट्या एकीकडे आणि जोडाक्षरं दुसरीकडे, आणि डीटीपीवाल्याने श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात केलेलं असेल तर विचित्र चिन्हांची रांगोळी. लिब्रेऑफिस ड्रॉमध्येही हीच भीती.

भाचीच्या नोट्सच्या वेळचा माझा घोळ वेगळाच. कोरं पान मी वर्डमध्ये बनवलं आणि माझ्या वर्डमध्ये कागद लेटर सेट होता, हे मला कुठे ठाऊक. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर असतो साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे थोडा रुंद आणि थोडा बुटका, स्क्रीनवर डोळ्याला कळतसुद्धा नाही. भाचीच्या नोट्सची प्रिंट लावली तर झेरॉक्सवाल्याचं मशीन पहिल्या कोऱ्या पानाशी थांबलं आणि लेटर कागद मागायला लागलं. मागे ऑफिस सुटलेल्यांची लाइन. तो म्हणाला, "ताई, कोरं पण मापाचं आणा ना." तेव्हापासून रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पेज साइज बघितल्याशिवाय मी पेनड्राइव्ह देत नाही.

छापलेले पान नंबर कोरं पान घातल्यावर आपोआप बदलत नाहीत, अनुक्रमणिका असेल तर तेवढं डीटीपीवाल्याकडनंच करून घ्या. आणि डिजिटल सही असलेली पीडीएफ, म्हणजे ऑनलाइन काढलेला सातबारा वगैरे, त्यात वरच्यापैकी कशानेही पान घातलं तरी सही तुटते. तिथे कोरा कागद प्रिंट काढल्यावर मधे हातानेच घाला.