रोबोटिक हातमोजा : आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात मला पॅरॅलिसिसचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आणि उजवा हात-पाय गेला. मुलाने जराही वेळ घालवला नाही, म्हणून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. पाय लवकर सावरला. दोन महिन्यांत काठी घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जायला लागलो. हात मात्र आधी लुळा होता, मग मूठ वळायला लागली आणि वळलेली मूठ उघडेना. ३६ वर्षं मी भोसरीला टूलरूममध्ये फिटर होतो. वर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावायच्या आधी बोटाला फरक कळायचा. त्या हाताची नखं कापायला बायकोला एकेक बोट सोडवावं लागत होतं.

जानेवारीअखेर ऑनलाइन हा हातमोजा मागवला, ६,८०० रुपयांना. आपल्या हाताएवढा मोजा, प्रत्येक बोटावर लवचीक नळी आणि हवा भरणारा-ओढणारा छोटा पंप. हवा भरली की बोटं उघडतात, ओढली की मिटतात. दुसऱ्या, चांगल्या हातासाठी एक सेन्सरचा मोजा येतो. तो घालून डावी मूठ उघडली की उजवीही उघडते.

पहिला महिना निम्म्याहून जास्त वाया गेला. चूक माझी होती. मोजा चढवायचा, पंप लावायचा आणि टीव्ही बघत बसायचं. बोटं आपोआप हलताहेत, म्हणजे व्यायाम होतोय असं वाटायचं. घरी येणाऱ्या फिजिओताईंनी एकदा पाहिलं आणि टीव्ही बंद केला. म्हणाल्या, "काका, बोटं तुम्ही उघडायची. मशीन फक्त मदतीला." त्यांनी समजावलेलं सोपं होतं. बिघाड बोटात नाही, मेंदूतून येणाऱ्या हुकमाच्या वाटेत आहे. नवी वाट पडायची तर हुकूम वरून सुटला पाहिजे, तोही शेकडो वेळा. तेव्हापासून पंपाने हवा भरायच्या क्षणी मीही मनापासून "उघड" म्हणून जोर लावतो, नजर बोटांवर ठेवून. वीस मिनिटांत घाम येतो. आधी कधीच येत नव्हता.

खरा उपयोग कळला तो त्यापुढे. मोजा काढल्यावर अर्धा-पाऊण तास मूठ सैल राहते. ही वेळ सोन्याची. मी ती चहा पिण्यात घालवत होतो. आता मोजा उतरला की लगेच टेबलावर काम मांडलेलं असतं : तुळशीबागेतून आणलेले कपड्यांचे चिमटे, प्लॅस्टिकचे पेले आणि मुलाने आणून दिलेले मोठे नट-बोल्ट. एम-२० चा, म्हणजे २० मिलिमीटर बोल्टचा, नट बोल्टवर दीड आटे फिरला, तो दिवस मला तारखेसकट आठवतो : ११ मे. थंडगार लोखंड बोटांना लागलं आणि ते लागलंय हे कळलं, हेच मोठं होतं.

मोजा चढवणं हे सुरुवातीचं सगळ्यात अवघड काम, म्हणून नीट सांगतो. वळलेली बोटं टोकाला धरून ओढू नका, ती आणखी आवळतात. आधी मनगट खाली वाकवा, बोटं आपोआप ढिली पडतात. मग अंगठा मुळापासून बाजूला घ्या आणि त्यानंतर एकेक बोट सरकवा. सुरुवातीला बायकोला पंधरा मिनिटं लागायची, आता तीन. हाताखाली उशी ठेवा. खांदा लोंबकळत ठेवून काहीही करू नका. माझा खांदा सांध्यातून थोडा उतरला होता आणि आधाराला धरताना कुणीतरी हात ओढल्यामुळे दुखणं दोन महिने लांबलं.

तक्रारीही आहेत. दिलेल्या मापाच्या तक्त्याने मोजा घट्ट झाला, कारण झटक्यानंतर हाताला सूज असते. एक माप मोठं घ्या. करंगळीची नळी तिसऱ्या महिन्यात सांध्याशी फुटली. विक्रेत्याने फोटो मागवले, व्हिडिओ मागवले, नळी पाठवली नाही. शेवटी मुलाने फिश टँकच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणून जोडली, ती आजही चालते. मोजा धुता येत नाही. एप्रिलच्या उकाड्यात आतून वास मारायला लागला, तेव्हापासून आत पातळ सुती मोजा घालतो. संवेदना कमी असेल तर काढल्यावर कातडी रोज पाहा, लाल वळ बोलत नाहीत. बोटं कायमची आखडली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नका. माझा कडकपणा मार्चमध्ये वाढला, तेव्हा आवळलेले स्नायू सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन घ्यावं लागलं. मोज्याने ते टळलं नाही.

फिजिओताई हाताच्या हालचालींना ६६ पैकी गुण देतात, जितके जास्त तितका हात चांगला. जानेवारीत माझे १८ होते, आता ३७. यातले मोज्याचे किती, इंजेक्शनचे किती आणि टेबलावरच्या कामाचे किती, हे वेगळं काढता येणार नाही. जूनपासून रोज दोन तास डाव्या हातावर जाड मोजा बांधून सगळं उजव्यानेच करायला लावतात. चांगला हात अडकवून ठेवण्याची ही पद्धत एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. २००६ साली २२२ रुग्णांवर तिची मोठी चाचणी झाली. पण त्यासाठी बोटं थोडी तरी स्वतःहून उघडावी लागतात. माझी तिथवर पोहोचायला या मोज्याची मदत झाली, असं मी मानतो. म्हणून पैसे वाया गेले नाहीत.

यंदाच्या गणपतीत आरतीला दोन्ही हातांनी टाळी वाजवली. आवाज डाव्याचाच जास्त, पण उजवा हात उघडा होता. मंत्रपुष्पांजलीला अक्षता मात्र चिमटीत धरता आल्या नाहीत, नातीने तळहातावर ठेवल्या आणि मी तळहात उलटा केला. मोजा आता दिवसातून एकदाच, सकाळी. त्यानंतर ताटलीत हरभरे असतात. रोज चाळीस उचलून वाटीत टाकतो, चार-पाच निसटतात. पुढे मूग, मग तांदूळ, असं ताईंनी ठरवून दिलंय.