स्टिअरिक ॲसिड (ट्रिपल प्रेस्ड): काही महिन्यांच्या वापरानंतर

पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘स्टिअरिक ॲसिड’, म्हणजे साबण, लोशन, मेणबत्तीत घालायचं मेणासारखं फॅटी ॲसिड. प्रत्यक्षात ट्रिपल प्रेस्ड (तीनदा दाबून पातळ भाग काढलेल्या) मालात जवळपास निम्मं पामिटिक ॲसिड, म्हणजे त्याच जातीचं दुसरं फॅटी ॲसिड असतं. हा भेसळीचा प्रकार नाही, बाजारातली रीतच तशी आहे. पण मग ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे ॲसिड पुरतं उदासीन करायला किती अल्कली लागते तो आकडा, छापायला काय जातं? शेव्हिंग सोपसाठी तोच आकडा लागतो. १०० ग्रॅम मिश्रणाला साधारण १४.८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक) लागतं, शुद्ध स्टिअरिकला १४.१. शुद्ध मालाला मिश्रणाचा आकडा लावला तर कॉस्टिक उरतं आणि साबण चेहऱ्याला झोंबतो.

पारख फुकटात होते. चमचाभर दाणे परीक्षानळीत घालून नळी ६२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं धरा. सगळं वितळलं तर मिश्रण, कारण ते साधारण ५५ अंशांना वितळतं. शुद्ध माल ६९च्या आसपास. मिश्रणच निघालं तरी साबणाला काही बिघडत नाही, फेस घट्टच येतो. फक्त लाय (कॉस्टिकचं पाण्यातलं द्रावण) थंड असताना ओतू नका, क्षणात गोळा होतो. तेलं आणि ॲसिड ७५ अंशांवर ठेवून हॉट प्रोसेसच करावी, म्हणजे साबण उष्णता देऊन शिजवावा.

लोशनच्या बाबतीत मत बदललं. सुरुवातीला दोनच तारे दिले असते, कारण ५ टक्के घातलं की चोळताना त्वचेवर पांढरट फेस उठतो. प्रमाण २ टक्क्यांवर आणून बाकीची भर सीटिल अल्कोहोलने (लोशन घट्ट करणारा मेणासारखा पदार्थ) केली की तो बराच कमी होतो. आणि घट्टपणा त्याच दिवशी बघून वर आणखी ॲसिड घालायची घाई नको, तो दुसऱ्या दिवसापर्यंत वाढत राहतो. पाणी आणि तेल दोन्ही ७०-७५ अंशांवर असतानाच एकत्र करा. पाणी गार असेल तर रवाळ कण राहतात, मग कितीही घुसळा.

मेणबत्तीत तक्रार नाही. पॅराफिनच्या १० टक्के घातलं की मेण अपारदर्शक होतं आणि साच्यातून सहज सुटतं. रंग आधी वितळलेल्या ॲसिडमध्येच विरघळवावा. तांब्याचं भांडं मात्र वापरू नका, ॲसिडची तांब्याशी अभिक्रिया होते आणि मेण हिरवट होतं. लॅटेक्सचे साचेही यानं लवकर खराब होतात.

साडेतीन तारे. ॲसिड व्हॅल्यू छापली असती तर साडेचार.