मिल्क कॉटन आणि ग्रॅनी स्क्वेअर : पिशवीला उत्तम, पांघरुणाला नको

ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे क्रोशाने मधून बाहेर फेऱ्याफेऱ्यांनी विणायचा चौकोन, करायला घेतला की हल्ली पहिल्यांदा हाती येतो तो मिल्क कॉटनचा ५० ग्रॅमचा गुंडा. रंग भरपूर, स्पर्श मऊ, दुकानात आणि ऑनलाइन सहज मिळणारा. पण चौकोनांचं पुढे काय करायचं हे ठरवल्याशिवाय हा धागा घेऊ नये. काही वस्तू यात फार देखण्या होतात आणि काहींमध्ये मेहनत फुकट जाते.

आधी धाग्याविषयी. लेबलवर बहुतेकदा सूत आणि दुधाचा धागा यांचं प्रमाण दिलेलं असतं. दुधाचा धागा म्हणून जो विकला जातो, त्यात बहुधा केसीन या प्रथिनाला अ‍ॅक्रिलिकच्या रसायनाची जोड दिलेली असते. स्वस्त गुंड्यांत तर सरळ अ‍ॅक्रिलिकच मिसळलेलं सापडतं. खात्री करायची असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळा. शुद्ध सूत कागदासारखा वास देत जळतं आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा, कडक मणी उरतो. मणी दिसला तर त्या धाग्याचा गरम भांड्याखाली ठेवायचा चौकोन करू नका, तो भांड्याला चिकटेल. त्यासाठी शंभर टक्के सुती दोरा घ्या आणि दोन चौकोन पाठीला पाठ लावून जोडा, कारण खांबांमधल्या (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका) जाळीतून उष्णता थेट टेबलापर्यंत जाते.

विणताना या धाग्याचा मोठा दोष म्हणजे पीळ सैल. क्रोशाची टोकदार सुई पदरांमध्ये घुसते आणि खांब अर्धाच उचलला जातो. गोल टोकाची ३ मिमी सुई घेतली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. २.५ मिमीवर वीण घट्ट येते, पिशवीला ती बरी. पण उसवून पुन्हा विणायची वेळ दोनदा आली की धागा पिंजतो. म्हणून नवशिक्यांनी पहिले तीन-चार चौकोन जुन्या लोकरीवर गिरवावेत.

चौकोनाची कृती बहुतेकांना पाठ असते : ४ साखळ्यांचं कडं, त्यात ३-३ खांबांचे ४ गट, मधे २ साखळ्यांचा कोपरा, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. मिल्क कॉटनमध्ये ३ मिमी सुईवर ४ फेऱ्यांचा चौकोन साधारण ९ सेंटिमीटरचा होतो, ६ फेऱ्यांचा १३ सेंटिमीटरचा. चौकोन वाटीसारखा वर उचलला जात असेल तर कोपऱ्यातल्या साखळ्या आवळल्या गेल्या आहेत. कडा लाटांसारख्या झाल्या तर हात सैल पडतोय किंवा साखळ्या जास्त आहेत. आणि तिरपा, फिरल्यासारखा दिसत असेल तर दर फेरीला काम उलटं करून विणा. एकाच दिशेने विणत गेल्याने खांब एका अंगाला कलतात.

पिशवी ही या धाग्याची खरी जागा. १३ सेंटिमीटरचे ९ चौकोन पुढे, ९ मागे, तीन बाय तीन मांडून जोडले की ३९ सेंटिमीटर रुंदीची पिशवी तयार. बाजूंना आणि तळाला मुक्या खांबांची (म्हणजे आखूड, घट्ट टाक्यांची) ५ सेंटिमीटर रुंद सलग पट्टी लावा. पट्टी आणि बंद धरून १७० ते १८० ग्रॅम धागा लागतो, म्हणून ४ गुंडे एकाच वेळी आणि एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत रंगवलेले, घ्या. वेगवेगळ्या लॉटचे पांढरे एकमेकांशेजारी आले की फरक लगेच दिसतो. चौकोन सुईदोऱ्याने टाक्यांच्या फक्त मागच्या कडीतून जोडलेत तर जोड सपाट बसतो, मुक्या खांबाने जोडलेत तर कड उठून दिसते. पिशवीला ती शोभते, उशीवर मात्र गालाला टोचते. बंद नुसत्या खांबांचे केले तर भाजीच्या वजनाने आठवड्याभरात लांबतात. ते मुक्या खांबाचेच विणा आणि आतून सुती पट्टी शिवा. अस्तर तर हवंच, नाहीतर चौकोनांच्या जाळीतून मिरच्या डोकावणार आणि किल्ल्या खाली पडणार.

४० सेंटिमीटरच्या उशीला हेच ९ चौकोन पुरतात. अभ्रा उशीपेक्षा सेंटिमीटरभर लहान असला की ताणून छान बसतो. मागच्या बाजूला साधं कापड लावा, निम्मा धागा वाचतो.

दाराचं तोरण यात सुरेख होतं. ९ सेंटिमीटरचे ७ चौकोन कोपऱ्यावर उभे, टोकाला टोक जोडून ओळीत लावले की ९० सेंटिमीटरचा दरवाजा झाकला जातो. आतल्या फेऱ्या झेंडूच्या रंगात आणि कडा हिरवी करून बघा. धागा ३० ग्रॅमच्या आसपास, गोंडे वेगळे. वरच्या साखळीमागे नाडी शिवली नाही तर मधले चौकोन खाली लोंबतात. रुखवतात मांडायचं असेल तर गोंड्यांना मणी लावायला जागा आहेच.

पांघरुणासाठी मात्र हा धागा अजिबात घेऊ नये. १२० बाय १५० सेंटिमीटरला १३ चे जवळपास शंभर चौकोन होतात, म्हणजे जोडणीसकट ७०० ग्रॅमच्या पुढे. खर्च जास्त, वजन जास्त, आणि सतत घासलं जाणाऱ्या ठिकाणी पुंजके येतात. तिथे साधी अ‍ॅक्रिलिक लोकर बरी : हलकी, लवकर वाळणारी, पावसाळ्यात तर तीच सोयीची. तिच्यावर गरम इस्त्री दाबू नका, वीण कायमची लुळी पडते. चौकोन ओले करून, टाचण्यांनी ताणून, सावलीत वाळवले की आकार येतो.

खरेदी करताना गडद लाल आणि निळ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर चोळून बघा. रंग लागला तर तो धागा पांढऱ्यासोबत एका चौकोनात वापरू नका. दर रंगबदलाला १५ सेंटिमीटर टोक ठेवा आणि ते तीन वेळा दिशा बदलून खांबांत ओवा. मिल्क कॉटन गुळगुळीत असल्याने आखूड टोक पहिल्याच धुण्यात सुटतं.