पणजोबांच्या नावाचं रजिस्टर मला लिलावात विकलं

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, पण परवा एका ओळखीच्यांनी सांगितलं की मला लिलावात फसवणारी तीच मंडळी आता पुण्यात असाच लिलाव लावतायत, म्हणून लिहितोय. नाव टाकत नाही, पोलिसांत अर्ज दिलाय आणि वकिलांनी नको म्हटलंय. पण पद्धत सगळी सांगतो.

आमचं मूळ गाव मालवण. पणजोबा १९१२ च्या सुमारास आगबोटीने मुंबईला आले, गिरगावात एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायच्या कामाला लागले आणि पुढची बरीच वर्षं एका लॉजिंग-बोर्डिंगमध्ये खाटेपुरती जागा घेऊन राहिले. बायकापोरं गावाला, इकडे खानावळीत दोन वेळचं जेवण आणि महिन्याला मनीऑर्डर, तेव्हाच्या हजारो कोकणी माणसांचं होतं तसंच. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. सही नाही, पत्र नाही, काहीच नाही. बाबांना ही गोष्ट आयुष्यभर लागून राहिलीय.

तर गिरगावातली एक जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला जातेय, तिथे पूर्वी बोर्डिंग होतं, त्यातलं सामान लिलावात निघणार अशी जाहिरात माझ्या बघण्यात आली. मी फोन केला. पलीकडचा माणूस इतका अदबीने बोलला, "साहेब तुम्हाला नेमकं काय हवंय, घरचं कुणी राहत होतं का इथे?" आणि मी सगळं सांगून बसलो, मालवण, छापखाना, साल, पणजोबांचं पूर्ण नाव, आडनावासकट. फसवणूक त्या फोनवरच झाली, लिलाव नंतरचा. हे मला आज कळतंय. चार दिवसांनी त्याचाच फोन, "साहेब, बोर्डिंगचं एक जुनं रजिस्टर सापडलंय, त्यात मालवणचं एक नाव आहे, तुम्ही येऊन बघाच."

लिलावाच्या दिवशी हॉल भरलेला. लिलाव पुकारणाऱ्याने आधी पंधरा मिनिटं जुन्या मुंबईबद्दल सांगितलं आणि ते सगळं खरं होतं हे मुद्दाम सांगतो, कारण तिथेच माणूस सैल पडतो. १८९६ चा प्लेग, त्यानंतर १८९८ मध्ये आलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, दाट वस्त्या पाडून काढलेले नवे रस्ते, जागेची टंचाई, १९१८ मध्ये सरकारला भाड्यावर कायदा आणावा लागला ते, आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, म्हणजे अशाच एका लॉजमध्ये, १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले ते. लोक माना डोलवत होते, मीही डोलवत होतो. इतकं खरं ऐकल्यावर पुढचं खोटं कोण तपासणार.

रजिस्टर हातात दिलं ते दोन मिनिटं, तेही त्यांच्या माणसाने धरलेलं. उघडून दाखवलेल्या पानावर पणजोबांचं नाव. माझे डोळे भरून आले, बाकी मी काही बघितलंच नाही.

बोली पाच हजारांपासून. माझ्यासमोर एकच माणूस, राखाडी सफारीतला, मी वाढवलं की तोही हजाराने वाढवायचा, छत्तीसला थांबला, मी अडतीस म्हटलं आणि एक वार, दोन वार, तीन वार. वर त्यांचं १२ टक्के कमिशन. पैसे भरून खाली गल्लीत आलो तर तोच सफारीवाला टेम्पोत सामान चढवत होता, स्वतः जिंकलेले लॉटसुद्धा, आणि त्यांच्या हमालांना नावाने हाका मारत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मनाशी म्हटलं डीलर असेल.

घरी आल्यावर बाबांच्या मांडीवर रजिस्टर ठेवलं. बाबा ७८ वर्षांचे. त्यांनी आधी नावावरून बोट फिरवलं, बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग चष्मा पुसून खालची ओळ वाचली आणि म्हणाले, "ह्या सिंधुदुर्ग खयसून इला रे? तेव्हा आपलो जिल्हो रत्नागिरी." मी पान बघितलं. मु. पो. मालवण, जि. सिंधुदुर्ग. नोंद १९१२ ची. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, अंतुले मुख्यमंत्री असताना, बाबा तेव्हा नोकरीत होते, त्यांना तो दिवस आठवतो.

त्या रात्री मी ट्यूबलाइटखाली पान न् पान बघितलं. महिन्याचा आकार एका ठिकाणी ३ रुपये ७५ पैसे. जुन्या हिशोबात रुपयाचे आणे १६ आणि पैसे ६४, मग ७५ पैसे होतीलच कसे, शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासूनचा. सुरतेहून आलेल्या एका पाहुण्यापुढे "मुंबई सेंट्रलला उतरले", आणि ते स्टेशन सुरू झालं १९३० च्या डिसेंबरमध्ये. सगळ्या नोंदी सुबक बाळबोधमध्ये, म्हणजे देवनागरीत, मोडी लिपीचं एक अक्षर नाही, त्या काळात हिशोबाच्या वह्या सर्रास मोडीत लिहायचे. आणि कागद. जुना कागद कडेने आधी पिवळा पडतो, आत फिका राहतो. हा सगळीकडे एकसारखा तपकिरी, शिवणीच्या आत बोट घालून पान फाकवलं तर तिथे पांढरा, आणि नाकाला लावला तर चहाचा वास. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं होतं ते.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर "जसं आहे तसं विकलंय साहेब, लिलावात परत घेत नाही." हे ऐकून गप्प बसू नका. वकिलांनी मला १९३० चा मालविक्री कायदा दाखवला, कलम ६४. लिलावात विकणाऱ्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल तर तसं आधी जाहीर करावं लागतं, आणि किंमत चढवायला खोटी बोली लावली असेल तर खरेदीदार तो व्यवहार रद्द करू शकतो. खोट्या बोलीची ही तरतूद त्याआधीही १८७२ च्या करार कायद्यात होती, म्हणजे पणजोबांनी तेव्हा मुंबईत लिलावात एखादी ट्रंक घेतली असती तरी त्यांना हा हक्क होता. आणि बोली लावून झाली तरी हातोडा पडेपर्यंत ती मागे घेता येते, हेही मला माहीत नव्हतं, मला वाटायचं एकदा हात वर केला की संपलं.

पुण्यात जाणार असाल तर एवढं करा. फोनवर घरची गोष्ट सांगू नका, गाव नाही, नाव नाही, काय शोधताय तेही नाही. वस्तू आदल्या दिवशी बघायला मागा आणि स्वतःच्या हातात घेऊन बघा, शक्यतो घरातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर न्या, कारण जिल्हा, नाणी, स्टेशनं यांच्या चुका त्यांना पटकन दिसतात. ही वस्तू आधी कुणाकडे होती ते लेखी मागा. आणि पावती वाचा. माझ्या पावतीवर फक्त "जुने रजिस्टर, नग १" आहे, सालच नाही. साल होतं ते कॅटलॉगमध्ये, लॉट ४१, "१९१२ सालचे बोर्डिंगचे मूळ रजिस्टर", आणि तो कॅटलॉग दारातल्या मुलाने "प्रती कमी आहेत साहेब" म्हणून जाताना सगळ्यांकडून परत घेतला. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पोलिसांतला अर्ज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, तिथे साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, १९१२ चं आहे असं त्यांनी कुठे लिहून दिलंय का. बाबांनी रजिस्टर कपाटातून काढायला सांगितलंय, पणजोबांचं नाव असं खोट्या अक्षरात घरात नको म्हणाले, पण पुरावा आहे म्हणून मी ते ऑफिसात ठेवलंय.

गिरगावच्या त्या लिलावाला तुमच्यापैकी कुणी असेल आणि कॅटलॉग चुकून पिशवीत राहिला असेल, किंवा कुणी त्याचा फोटो काढला असेल, तर मला लॉट ४१ चं पान हवंय. अर्धवट, वाकडा फोटो असला तरी चालेल, साल वाचता आलं पाहिजे.