शिसवीचा सेट घेताय? टोकांवरचं मेण आधी खरवडून बघा

गिटारच्या पाठीसाठी ऑनलाइन शिसवी मागवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझे पैसे अडकले, तुमचे अडकू नयेत.

एका विक्रेत्याकडून मी पाठ आणि बाजूंचे चार सेट मागवले. क्वार्टर सॉनच हवं (म्हणजे खोडाची वलयं फळीच्या टोकाला उभी दिसतील असं कापलेलं) आणि नीट मुरलेलं, म्हणजे पुरेसं सुकलेलं हवं, हे मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. "शंभर टक्के क्वार्टर आहे सर, जुना माल आहे," असं उत्तर आलं. सोबत टोकाचा फोटो, त्यात वलयांच्या रेषा फळीच्या रुंद बाजूशी काटकोनात उभ्या. पूर्ण पैसे आधीच घेतले.

पार्सल उघडल्यावर वरून माल देखणाच होता, रेषा अगदी सुतात. पण दोन्ही टोकांना मेणाचा जाड थर. मेण लावणं गैर नाही. लाकूड टोकांकडून भराभर सुकून चिरतं, म्हणून ते लावतातच. या मेणात मात्र काळा रंग कालवलेला होता. ब्लेडने खरवडलं, बारीक पॉलिश पेपर मारला, ओलं फडकं फिरवून भिंगातून पाहिलं, तर रेषा तिरक्या पडलेल्या. दोन सेटमध्ये एका कडेला त्या जवळजवळ आडव्या होत्या, आणि त्याच कडेला पृष्ठभागावरच्या रेषा रुंदावलेल्या होत्या. फोटोतला तुकडा यातला नव्हताच.

एवढ्यासाठी आरडाओरडा का, असं कुणी विचारेल. सुकताना लाकूड वलयांना आडवं जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वलयांच्या दिशेने आकसतं. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत शिसवीचे हे आकडे अंदाजे २.७ आणि ५.८ टक्के आहेत. चाळीस सेंटीमीटर रुंद पाठीतला ओलावा सहा टक्क्यांनी उतरला, तर क्वार्टर सॉन पाठ दोनेक मिलीमीटर आकसेल, फ्लॅट सॉन, म्हणजे टोकाला वलयं आडवी असलेली, साडेचारच्या पुढे. आतून चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या लांबीत जवळपास आकसत नाहीत. पाठ ओढली जाते, पट्ट्या सोडत नाहीत, आणि जेमतेम अडीच मिलीमीटरची ती फळी तडकते. पुण्यात पावसाळ्यात बनवलेली अशी गिटार मे महिन्यात नागपूरला गेली की काय होईल, याचा विचार करा.

मुरलेलं असल्याचाही खोटा दावा. मधे पट्ट्या ठेवून सेट रचले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर अधूनमधून वजन केलं. आठवड्यामागून आठवडे वजन उतरतच राहिलं. आडव्या रेषांचे दोन्ही सेट द्रोणासारखे वाकले. विक्रेता म्हणाला, "लाकूड आहे, थोडंफार वाकणारच. कट केलेला माल परत होत नाही." मग फोन उचलणं बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. चॅट आणि खरवडलेल्या टोकांचे फोटो जपून ठेवलेत.

पैसे पाठवण्याआधी मेण काढलेल्या टोकांचा व्हिडिओ मागा, आणि त्याच फळीवर खडूने तुमचं नाव लिहून घ्या, म्हणजे फोटो दुसऱ्याचा आणि माल दुसरा, असं होणार नाही. ओलावा मोजायच्या मीटरचा आकडाही त्याच व्हिडिओत दिसू द्या. आठ टक्क्यांच्या वर असेल तर ते लाकूड लगेच चिकटवू नका. आता ज्यांच्याकडून घेतो, त्यांनी हे सगळं कुरकुर न करता त्याच संध्याकाळी पाठवलं.