टॅबलेटवरून टीव्ही, आठ महिन्यांनी : साडेचार हजारांची काळी चौकट

टॅबलेट दिवाळीत घेतला, १० इंची, रिझोल्यूशन (पडद्यावरचे आडवे-उभे ठिपके) १२८० बाय ८००. वापरते मुख्यतः आई. टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर शोधत बसायचा तिला कंटाळा, म्हणून टॅबलेटवर मालिका लावायची आणि स्क्रीन मिररिंगने (टॅबलेटवर दिसतं ते जसंच्या तसं टीव्हीवर) ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर टाकायची, हा आमचा शिरस्ता.

चित्र पहिल्या दिवसापासून धुरकट, तेव्हाच "टॅबलेट भंगार" असं मत करून बसलो. त्याचं एक वेळ सोडा, पण चारही बाजूंनी काळी चौकट! एका रविवारी टेप घेऊन मोजलंच. पडदा साडेसदतीस इंच रुंद, चित्र पावणेचौतीस. उंची एकवीसऐवजी एकोणीस. म्हणजे १९ टक्के पडदा रिकामा. टीव्ही २४ हजारांचा, तर ४५६० रुपयांचा नुसता अंधार. तेव्हापासून मालिका कमी आणि पट्ट्याच जास्त दिसायला लागल्या.

सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने साडेतीनशे रुपये व्हिजिट चार्ज घेतला आणि म्हणाला, "भाऊ, पॅनल एकदम ओके आहे. टॅबलेटच हलका आहे तुमचा, टू-के वाला घ्या." म्हणजे आडवे ठिपके दोन हजारांच्या आसपास असलेला. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाऊन चौकशीही करून आलो. मग म्हटलं, आधी मानेवाड्याच्या भाच्याचा १९२० बाय १२०० वाला लावून बघू. अक्षरं लख्ख झाली, चौकट मात्र जशीच्या तशी!

काहून? पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण दोन्ही टॅबलेटचं १६:१०, टीव्हीचं १६:९. टॅबलेट व्हिडिओला वर-खाली पट्टी लावतो आणि टीव्ही त्या अख्ख्या स्क्रीनला डावी-उजवीकडे. रिझोल्यूशन वाढवून आकार थोडाच बदलतो! बरं झालं, पैसे घालायच्या आधी कळलं.

खरी गंमत भाच्यानेच दाखवली. व्हिडिओच्या कोपऱ्यात चौकोन आणि तीन कमानींचं कास्टचं चिन्ह असतं, ते आठ महिने डोळ्यांसमोर होतं राजेहो. ते दाबलं की टीव्ही थेट इंटरनेटवरून व्हिडिओ ओढतो, टॅबलेट नुसता रिमोट उरतो. त्याची स्क्रीन ८०० रेषांची की २००० ची, टीव्हीला घेणंदेणं नाही. पूर्ण पडदा भरला, खालची बातम्यांची पट्टी वाचता यायला लागली. मिररिंगमध्ये टॅबलेट दर क्षणाची स्क्रीन पकडून, कॉम्प्रेस करून वायफायवर पाठवत बसायचा. त्यात मे महिन्याचं नागपूर, म्हणून त्याला कूलरसमोर स्टुलावर ठेवायचो. आता तोही गार.

म्हणून "टॅबलेट भंगार" हे माझं मत मागे घेतो, पण अर्धंच. पोरीच्या कोचिंगच्या ॲपला कास्टचं बटणच नाही. तिथे मिररिंगला पर्याय नाही, आणि तिथे रिझोल्यूशन चांगलंच नडतं. ८०० रेषा ताणून टीव्हीच्या १०८० करायच्या म्हटल्यावर फळ्यावरचा घातांक २ आहे की ३, ते पोरगी टॅबलेटजवळ जाऊन बघते. तुमचा वापर असल्याच ॲपचा असेल, तर १९२० वालाच घ्या.

आईला चित्र आवडलं, तक्रार नवीन आहे. आधी मामाचा फोन आला की नाव ४३ इंचात झळकायचं, आता टॅबलेट शोधायला उठावं लागतं.