डिझेलविना सागरी शर्यत: सौर पॅनल की हायड्रोजनरेटर?

विजेसाठी डिझेल न नेता शिडाच्या बोटीने लांब पल्ल्याची शर्यत करायची, पण बजेट एकाच मोठ्या यंत्रणेचं असेल, तर निवड इथे अडते. वीज सर्वात जास्त खातो ऑटोपायलट, म्हणजे बोटीचं सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र. तो रात्रंदिवस चालतो.

वीजनिर्मितीत हायड्रोजनरेटर सरस. बोटीच्या मागे पाण्यात सोडलेलं छोटं पातं वेगाबरोबर फिरतं, रात्रीही, ढगातही. दक्षिण महासागरात सूर्य ढगांआड असतो, पण वारा मुबलक, म्हणून तिथे याला तोड नाही. वारा पडला की मात्र हाही थंडावतो.

पॅनलला भर उन्हात चौरस मीटरमागे साधारण 200 वॅट मिळतात, तेही सावली नसेल तर. शिडाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन बरंच घसरतं.

टिकाऊपणात उलट चित्र. पॅनलला फिरता भाग नाही, पाण्याचा अडथळाही नाही. हायड्रोजनरेटरला शेवाळ गुंडाळतं, तरंगता ओंडका पातं तोडतो, शिवाय थोडा वेग जातो. फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या बोटीत तर पातं पाण्याबाहेरच येऊ शकतं.

खलाशी कॉनराड कोलमनने 2016-17 ची वाँदे ग्लोब, म्हणजे एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करण्याची शिडाच्या बोटींची शर्यत, जीवाश्म इंधनाविना पूर्ण केली, तेव्हा त्याच्याकडे दोन्ही होतं. मला हेच पटतं.

तरी एकच घ्यायचं तर दक्षिणेकडच्या, वेगवान शर्यतीसाठी हायड्रोजनरेटर घ्या, सुटं पातं सोबत ठेवून. उष्ण कटिबंधातल्या, मंद वाऱ्याच्या मार्गाला पॅनल पुरेत.